विहाराच्या भिंतीवरचे सिनेमे

वर्षावासात रावेरला आमच्या वस्तीत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. यंदा रविवारची वंदना झाली की तरुण पोरांनी विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून सिनेमे दाखविले. दिवसभर केळीचे घड वाहून, ट्रक भरून आलेली माणसे कपड्यांवरचे चिकाचे डाग तसेच घेऊन येऊन बसली. आम्हीही सहकुटुंब गेलो. आम्ही काही जाणकार नव्हे, जे वाटले ते लिहितो.

पहिला 'जय भीम', सन २०२१ चा. मूळ तमिळ, आम्ही हिंदीतून पाहिला. पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले के. चंद्रू यांनी वकील असताना लढविलेल्या १९९३ च्या कोठडीतील मृत्यूच्या खटल्यावर तो बेतला आहे. मारहाण इतकी की सौ. लहानग्यांना घेऊन बाहेर गेली. एवढे दाखवायला नको होते. पण शेवटी ती चिमुरडी वकिलासमोर पायावर पाय टाकून वर्तमानपत्र उघडते, तेव्हा आयाबायांनी टाळ्या वाजविल्या.

'झुंड' (२०२२) नागपूरच्या विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलवरचा. लांबला फार. अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभा राहिलेला पाहून एक आजी म्हणाल्या, "येवढे वरीस लागले का रे भाऊ याले!" पासपोर्टच्या कागदांसाठी एका मुलीचा बाप दारोदार फिरतो, तेव्हा आम्ही मान खाली घातली. आम्हीही कारकूनच.

'फँड्री' २०१४ साली आला तेव्हा पाहिला नव्हता. त्याच नागराज मंजुळेंचा 'सैराट' मात्र दोनदा पाहिला, हे कबूल करतो. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. डुक्कर हाती लागणार तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, जब्या जागीच उभा राहतो. यावर हशा पिकला. नंतर मेलेले डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब दिसतात. तेव्हा कोणी हसले नाही.

आमच्या वस्तीच्या टोकालाही डुकरे पाळणारे एक घर आहे. त्यांचा पोरगा दाराशी, चपलांजवळ उभा राहून पाहत होता. आमच्या धाकट्याने विचारले, "बाबा, तो आत का येत नाही?"

"त्याला कोणी अडवलंय?" आम्ही म्हणालो.

"जयंतीला त्यांची वर्गणी तुम्हीच घेतली नव्हती ना?"

वर्गणीची वही आमच्याकडे असते. डुकरांच्या घाणीच्या तक्रारी होत्या, शेजारी नाराज होते, म्हणून ते घर सोडून पुढे गेलो होतो. वादही नको, वर्गणीही नको, असा आमचा हिशेब. घरी येऊन वही उघडली. दोन्ही बाजूंच्या घरांची नावे होती, मधले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. बाई अंगण झाडत होत्या. कशासाठी आलो ते सांगितले. त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग आतून वीस रुपये आणले आणि म्हणाल्या, "दादा, पावती भेटेल ना?"

पावती फाडून दिली. येत्या रविवारी 'कोर्ट' आहे. त्यात लोकशाहिराचे काम नागपूरच्या चळवळीतले दिवंगत वीरा साथीदार यांनी केले आहे. वंदना सहा वाजता.