लालबावटा कलापथक: ऐकीव गोष्टी आणि खरा इतिहास

मुंबईच्या गिरणगावातल्या डिलाईल रोडचं कागदावरचं नाव ना. म. जोशी मार्ग. कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशी यांचं हे नाव. १९४३ साली मुंबईत ‘इप्टा’ ही लोकांच्या नाटकाची देशव्यापी संघटना उभी राहिली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष हेच जोशी होते. ते कम्युनिस्ट नव्हते, तरी ‘इप्टा’ म्हणजे एका पक्षाचं खासगी दुकान असा समज आजही ऐकू येतो. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लालबावटा कलापथक उभं केलं. चाळींच्या चौकात, कामगारांच्या सभांत, मैदानांत त्यांचा डफ वाजू लागला.

या पथकाबद्दल आपल्याकडे आदर भरपूर आहे, माहिती मात्र बरीचशी ऐकीव आहे.

सगळ्यात पक्का बसलेला समज म्हणजे लालबावटा संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून जन्माला आलं. सालं पाहा. फ्लोरा फाउंटनचा गोळीबार २१ नोव्हेंबर १९५५ चा आणि संयुक्त महाराष्ट्र समिती फेब्रुवारी १९५६ ची. पथक त्याआधी अकरा-बारा वर्षं गात होतं. बंगालच्या दुष्काळावर ‘बंगालची हाक’, हिटलरच्या फौजा अडवणाऱ्या शहरावर ‘स्टालिनग्राडचा पवाडा’, अमळनेरच्या गिरणीतल्या हुतात्म्यांवर, तेलंगणच्या शेतकऱ्यांवर, फाळणीतल्या पंजाब-दिल्लीच्या दंग्यावर, काळ्या बाजारावर पवाडे. दहा बाय बाराच्या खोलीत राहणारा गिरणी कामगार व्होल्गाकाठच्या लढाईचं कवन ऐकत होता. समितीच्या सभांना माणसांचा पूर लोटला, कारण गिरणगावाचे कान आधीच तयार झालेले होते. हे श्रेय लढ्याच्या इतिहासात एका ओळीत उरकलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

दुसरा समज नावाचा. अमर शेख हे जन्माचं नाव नव्हे. बार्शीच्या या मुलाचं नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६ चा. बसवर क्लीनर, मग गिरणी, मग संपात तुरुंग अशी त्यांची वाटचाल. अण्णाभाऊंचं मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे, गाव वाळवा तालुक्यातलं वाटेगाव. १९३१ साली घरच्यांबरोबर ते पायी मुंबईला आले आणि पुढे गिरणीत लागले. गिरणीकामाची शिकवण दोघांनाही पुस्तकातून घ्यावी लागली नाही.

आता मुद्दा कलेचा, आणि इथे थोडं थांबायला हवं. हे सगळं रशियाकडून उसनं आणलेलं प्रचारनाट्य होतं, असं काही जाणकारही म्हणतात. पण अण्णाभाऊ कलापथकाआधी आपले नातलग बापू साठे यांच्या तमाशात वावरले होते. गण, गवळण, बतावणी, वग हे सारं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. महाराष्ट्रात सत्यशोधकांचे जलसे होऊन गेले होते, भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा १९३१ पासून गावोगाव फिरत होता. म्हणजे विचार सांगण्यासाठी तमाशाचा साज वापरायची वाट मराठी मातीत आधीच पडलेली होती. अण्णाभाऊंनी तिच्यात मोठा बदल केला. गणात गणपतीच्या जागी मायभूमी, शिवाजी महाराज आणि हुतात्मे यांना वंदन आलं. गवळण गेली. वगातला राजा जाऊन त्याच्या जागी शेतकरी, कामगार, सावकार आणि पुढारी आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही नावं वाचली तरी रोख कळतो. स्वातंत्र्यानंतर सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा हाच खेळ ‘लोकनाट्य’ म्हणून उभा राहिला. लोकनाट्य म्हटलं की पुष्कळांना १९६५ चं ‘विच्छा माझी पुरी करा’ आठवतं. ते नाटक मोठं आहेच, पण आधुनिक लोकनाट्याची सुरुवात तिथे मानणं म्हणजे वीस वर्षांचा इतिहास पुसणं.

कलापथक म्हणजे अण्णाभाऊ, असं धरून चालणारेही बरेच आहेत. अण्णाभाऊंचं टपाल तिकीट २००२ साली निघालं, २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला आणि ते योग्यच झालं. पण हे काम तिघांचं होतं. अण्णाभाऊंच्या शब्दांना हजारोंच्या सभेत नेलं अमर शेखांच्या पहाडी आवाजाने. आणि गव्हाणकर? ते स्वतः शाहीर, संस्थापकांपैकी एक, तरी बहुतेक लेखांत त्यांचं नाव ‘आणि’नंतर येऊन संपतं. समाज, धर्म, पक्ष यांच्या खणांत आपण या माणसांना वेगवेगळं ठेवलं, म्हणून पथक दिसेनासं झालं. मातंग समाजातला लेखक आणि बार्शीचा मुसलमान गायक एकाच डफावर उभे होते, हे आज मुद्दाम सांगावं लागतं.

लाल झेंड्याचे म्हणून त्यांच्या देशप्रेमावर शंका घेणाऱ्यांनी १९६२ पाहावं. चीनचं आक्रमण झालं तेव्हा अमर शेखांनी ‘बर्फ पेटला’ हे गीत रचलं आणि देशासाठी गायलं. १९६९ साली १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, २९ ऑगस्टला इंदापूरजवळच्या अपघातात अमर शेख गेले. मधे सहा आठवडे.

राहिली ‘माझी मैना गावावर राहिली’. अमर शेखांच्या गळ्यामुळे ती त्यांचीच रचना वाटते. ही छक्कड, म्हणजे लावणीच्या वळणाचं गीत, अण्णाभाऊंची आहे. ते निव्वळ विरहगीत आहे, हा समजही तितकाच चुकीचा. पोटासाठी मुंबईत आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोला आठवतो, हा तिचा पूर्वार्ध. उत्तरार्धात ती मैना मराठी मुलूख होते आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांच्या ताटातुटीची व्यथा येते. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले, बेळगाव आणि कारवार आधीच म्हैसूर राज्यात गेले होते. सीमाभागाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. कार्यक्रमांत ही छक्कड पुष्कळदा पूर्वार्धावरच थांबवतात. ज्या ओळींसाठी ती लिहिली, त्या मागेच राहतात. महाराष्ट्र दिनाला ती लावणाऱ्या मंडळांनी पुरी लावावी, आणि निवेदकाने तिन्ही नावं घ्यावीत: साठे, शेख, गव्हाणकर.