मत्स्यटाकीतील तळवाळू बदलण्याची रीत

घरातील काचेच्या मत्स्यटाकीची वाळू काळवंडली की सर्व मासे बादलीत काढावे, टाकी घासून कोरडी करावी, नवी वाळू व नळाचे पाणी भरावे आणि मासे लगेच परत सोडावे, अशी पुष्कळ ठिकाणी चाल आहे. टाकी त्या दिवशी लखलखीत दिसते. परंतु चार-सहा दिवसांतच मासे पृष्ठभागी येऊन धापा टाकू लागतात व एकामागून एक मरतात. दोष माशांच्या जातीस दिला जातो. वस्तुतः तो बहुधा या सफाईचाच असतो.

माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया हा विषारी पदार्थ सतत उतरत असतो. वाळूच्या कणांवर व फिल्टरच्या स्पंजावर वाढलेले जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर पुष्कळच कमी अपायकारक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. शेतात घातलेल्या युरियाचे पिकास उपयोगी नायट्रेट होते, ते अशाच जीवाणूंमुळे. यांची वाढ मंद असते. नव्या टाकीत त्यांचा जम बसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. सर्व वाळू एकदम टाकून दिली म्हणजे हे बिनपगारी नोकरही तिच्यासोबत जातात.

तुळजापूर बालाघाटच्या डोंगररांगेत, काळ्या पाषाणाच्या प्रदेशात वसले आहे. अशा भागातील विहिरी व विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड व काहीसे अल्कधर्मी असते, आणि तेथे अमोनियाचा धोका अधिक. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेल्यास अमोनियाचा घातक अंश सुमारे नऊ ते दहा पटींनी वाढतो. नाल्याकाठच्या वाळूत चुनखडीचे खडे मिसळलेले असल्यास ते पाण्याचा जडपणा आणखी वाढवितात. म्हणून मूठभर नवी वाळू वाटीत घेऊन तीवर व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे उठल्यास ती वाळू वापरू नये. दुकानातील शोभेची संगमरवरी खडी याच कारणास्तव त्याज्य होय. खडी-यंत्राची धारदार कच तळाशी वावरणाऱ्या माशांच्या मिशा कापते, तीही नको.

६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद टाकीत चार सेंटिमीटर थरासाठी सुमारे सात लिटर, म्हणजे अदमासे ११ किलो वाळू लागते. ती साबणाविना, पाणी निवळेपर्यंत धुवावी. आदल्या दिवशी माशांना खाद्य देऊ नये. नंतर बोटभर जाडीच्या नळीने टाकीच्या एका बाजूची केवळ एक-चतुर्थांश वाळू पाण्यासह ओढून घ्यावी. हाताने उपसल्यास खालची घाण सर्व पाण्यात पसरते. काळ्या, सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या थरात हायड्रोजन सल्फाइड असतो, म्हणून तो ढवळणे विशेष घातक. रिकाम्या जागी नवी वाळू अलगद पसरावी व जुन्या वाळूची पातळ कापडाची पुरचुंडी तीवर ठेवावी, म्हणजे जीवाणू लवकर पसरतात. पुढील भाग दोन ते तीन आठवड्यांनी बदलावा. या मुदतीत फिल्टरचा स्पंज धुऊ नये. खाद्य निम्मे ठेवावे.

भरावयाचे पाणी क्लोरीन घातलेले असल्यास ते रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. त्याचे तापमान टाकीतील पाण्याइतकेच असावे. हे काम एप्रिल-मेच्या दुपारी टाळावे. पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू दर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅमवरून साडेसातवर येतो.

थर इतका सडला असेल की सर्व वाळू एकाच दिवशी काढणे भाग आहे, तर मासे टाकीतीलच पाण्याने भरलेल्या मोठ्या बादलीत ठेवावे आणि फिल्टर त्याच बादलीत चालू ठेवावा. स्पंज कोरडा पडू देऊ नये. सारी भिस्त आता त्यावरच असते. वीज जाण्याची शक्यता असल्यास तो दिवस टाळावा. पुढे दोन-तीन आठवडे मासे धापा टाकताना वा त्यांचे कल्ले लाल झालेले दिसल्यास वाट न पाहता एक-चतुर्थांश पाणी बदलावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलावे.

काढलेला गाळ व पाणी परसातील झाडांना घालण्यास हरकत नाही. मात्र टाकीत औषध अथवा मीठ घातलेले असल्यास ते झाडांच्या मुळाशी ओतू नये.