लेपर्ड गेको पाळताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वीतभर लांबी, पिवळसर अंगावर काळे ठिपके, जाड शेपटी आणि शांत स्वभाव. लेपर्ड गेको ही पाल युरोप-अमेरिकेत अनेक वर्षांपासून हौसेने पाळली जाते आणि आता भारतातल्या शहरांतही तिची हौस दिसू लागली आहे. ती मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ प्रदेशातली. आजारी पडली तरी ती ओरडत नाही की कण्हत नाही. तिचे दुखणे आपल्या लक्षात येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणूनच तिच्याविषयीचे गैरसमज ती घरात येण्याआधी दूर व्हायला हवेत.

गैरसमज : पाल विषारी असते.
वस्तुस्थिती : चावून माणसाच्या जिवाला धोका पोहोचवेल अशी एकही पाल भारतात नाही. लेपर्ड गेकोही विषारी नाही. खरी काळजी घ्यायची ती साल्मोनेला जिवाणूची. निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या विष्ठेतही तो असू शकतो. पालीला किंवा तिच्या पेटीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत आणि तिची भांडी स्वयंपाकघरात विसळू नयेत. पाच वर्षांखालील मुले असलेल्या घरात सरपटणारे प्राणी न पाळणेच योग्य.

गैरसमज : भिंतीवरची पाल काहीही न करता जगते, मग हीसुद्धा जगेल.
वस्तुस्थिती : भिंतीवरची पाल आपली ऊब, आडोसा आणि भक्ष्य स्वतः शोधते. पेटीतल्या पालीला ते सारे आपल्याला पुरवावे लागते. शिवाय दोघींची शरीरेही वेगळी आहेत. लेपर्ड गेकोला हलणाऱ्या पापण्या असतात आणि बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात. ती काचेवर चढू शकत नाही, त्यामुळे तिला उंच पेटीपेक्षा लांब-रुंद पेटी हवी. नीट सांभाळल्यास ती १५ ते २० वर्षे जगते. दहावीतल्या मुलाच्या हट्टाखातर आणलेली पाल तो नोकरीला लागल्यावरही घरात असेल, हे आधीच ध्यानात घ्यावे.

गैरसमज : आपल्याकडे उकाडाच असतो, वेगळी ऊब कशाला?
वस्तुस्थिती : सरपटणारे प्राणी शरीराचे तापमान बाहेरच्या उष्णतेवर राखतात. पुरेशी ऊब नसेल तर पोटातले अन्नही नीट पचत नाही. पेटीची एक बाजू साधारण ३२ अंश सेल्सिअस आणि दुसरी २५ अंशांच्या आसपास असावी, म्हणजे पाल गरजेप्रमाणे जागा बदलते. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटिंग पॅड लागतो. तो थर्मोस्टॅटशिवाय वापरू नये, कारण नियंत्रण नसलेल्या पॅडने आणि बाजारात मिळणाऱ्या ‘हॉट रॉक’ने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या दगडाने, पोट भाजते. नागपूरच्या मे महिन्यात अडचण नेमकी उलटी. तिथे पेटी थंड कशी राहील, याची सोय आधी करावी लागते.

गैरसमज : किडे खायला दिले की पोषण पूर्ण.
वस्तुस्थिती : सर्वाधिक हाल याच समजुतीमुळे होतात. लेपर्ड गेको केवळ कीटक खाते, भाजीपाला नाही. पण रातकिडे आणि मीलवर्म यांच्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी असते. निव्वळ त्यांच्यावर वाढलेल्या पालीची हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा लिबलिबीत होतो. म्हणून किड्यांना आदल्या दिवशी पौष्टिक खाद्य द्यावे आणि पालीपुढे ठेवताना त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. ‘ड’ जीवनसत्त्वही लागते. ही पाल संध्याकाळनंतर वावरते म्हणून तिला अतिनील प्रकाश नको, असे पूर्वी मानले जाई. आता त्या जीवनसत्त्वासाठी सौम्य यूव्हीबी (अतिनील) दिवा उपयुक्त ठरतो असे जाणकार सांगतात. बागेतले किडे देऊ नयेत, त्यांच्यावर कीटकनाशक असू शकते. काजवे तर कधीच देऊ नयेत. अमेरिकेतल्या फोटिनस काजव्यांमुळे पाळीव बिअर्डेड ड्रॅगन सरडे दगावल्याच्या नोंदी आहेत.

गैरसमज : वाळवंटी प्राणी आहे, तळाला वाळू हवी आणि ओलावा नको.
वस्तुस्थिती : तिचे मूळ घर मोकळ्या वाळूचे नाही, ते घट्ट माती आणि दगडांचे आहे. किड्याबरोबर गिळलेली वाळू आतड्यात अडकू शकते. पिल्लांसाठी कागद किंवा फरशी उत्तम. पेटी एकूण कोरडी असली तरी आडोशाची एक जागा ओलसर ठेवावी. तिथे कात नीट सुटते. बोटांवर अडकलेली कात आवळत जाते आणि बोट झडते.

गैरसमज : एकटी कंटाळेल, जोडीदार हवा.
वस्तुस्थिती : तिला सोबतीची गरज नसते. दोन नर एकत्र ठेवल्यास गंभीर जखमा होईपर्यंत भांडतात.

गैरसमज : शेपटी तुटली तरी काय, पुन्हा येते.
वस्तुस्थिती : येते, पण आखूड आणि फुगीर. शेपटीत चरबीचा साठा असतो. ती गेली की पाल अशक्त होते. तिला कधीही शेपटीला धरून उचलू नये.

गैरसमज : रंग जितका दुर्मीळ, तितका प्राणी उत्तम.
वस्तुस्थिती : ‘लेमन फ्रॉस्ट’ या झळाळत्या रंगाच्या वाणातल्या बहुसंख्य पालींना त्वचेच्या गाठी होतात. तो रंग आणि त्या गाठी एकाच जनुकाशी जोडलेल्या असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. ‘एनिग्मा’ वाणातल्या पाली तोल जाऊन गोल गोल फिरतात. असे वाण विकत घेणे म्हणजे त्या वेदनेची पैदास चालू ठेवणे.

गैरसमज : रानातून धरून आणली तर पैसे वाचतात.
वस्तुस्थिती : तिच्याच कुळातली एक जात महाराष्ट्रातही आढळते, आणि सातपुड्यातल्या आणखी एका जातीची नोंद २०१४ मध्ये झाली. त्यांची जागा रानातच आहे. घोरपड पाळणे तर वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ग्रीन इग्वानासारख्या, आंतरराष्ट्रीय ‘साइटिस’ यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक झाली आहे. खरेदीपूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी आणि विक्रेत्याकडून पावती घ्यावी.

आपल्या गावात सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आहे का, हे पाल आणण्याआधी शोधा. तो नसेल, किंवा पंधरा वर्षांची जबाबदारी पेलणार नसेल, तर पाळू नका. आणि पाळलीच असेल, तर नकोशी झाली म्हणून तिला बाहेर सोडून देऊ नका. ती नीट सांभाळेल अशा माणसाच्या हाती सोपवा.