एचआयव्ही आणि मेंदूतील गाठ : निदान कसे होते?

कोणाला धोका? सीडी-४ पेशी ५०च्या खाली गेलेल्यांना सर्वाधिक. या गाठीमागे (लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग) बहुधा एप्स्टाईन-बार विषाणू (ईबीव्ही) असतो.

लक्षणे : वागण्यात बदल, विसरभोळेपणा, झटके, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे. चहाचा कप हातातून वारंवार निसटत असेल, तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका.

चकवा कुठे? टॉक्सोप्लाझ्मा संसर्ग आणि क्षयाची गाठही एमआरआयमध्ये अशाच दिसू शकतात. एकच, चार सेंटिमीटरहून मोठी गाठ असेल, तर लिम्फोमाचा संशय बळावतो. अनेक छोट्या गाठी बहुधा टॉक्सोच्या.

तपासणीचा क्रम : आधी रक्तातील टॉक्सो अँटिबॉडी. संशय असल्यास टॉक्सोचे औषध देऊन १० ते १४ दिवसांनी पुन्हा स्कॅन. मेंदूवर दाब नसेल तर पाठीतून पाणी काढून ईबीव्ही-पीसीआर. शंका उरल्यास बायोप्सी. पक्के निदान तिथेच होते.

सावधान : स्टेरॉइडने लिम्फोमा तात्पुरता आकसतो आणि बायोप्सी फसू शकते. जीवावर बेतले नसेल तर ते आधी देऊ नये.

उमरेडकरांसाठी : एमआरआय, बायोप्सीसाठी नागपूर गाठावे लागते. तिथल्या 'मेडिकल'मध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) एआरटी (एचआयव्हीची औषधे) केंद्रही आहे. जुने स्कॅन, सीडी-४चे कागद आणि चालू गोळ्या सोबत न्या. एड्स हेल्पलाइन : १०९७.

निदान झाले तरी एआरटी थांबवू नका. केमोथेरपीइतकाच तिचाही आधार आहे.