शरदाच्या उंबरठ्यावर

युरोपांत उन्हाळा ओसरला कीं पानगळीचा ऋतु येतो. महाराष्ट्रांत मात्र ग्रीष्म आणि शरद यांच्यामध्यें पावसाळा उभा असतो. त्यामुळें येथील शरद ओल्या भूमीवर पाऊल ठेवतो. आश्विनांत ढग विरळ होतात, ऊन थेट पडतें, जमिनींतील ओलावा हवेंत मिसळतो आणि अंगावरील घाम लवकर वाळत नाहीं. ऑक्टोबरच्या उकाड्याचें कारण हेंच.

या संधिकाळांतील परतीचा पाऊस सर्वांना सारखा नसतो. कोंकणांत भात कापणीस आलेलें असतें. जोराच्या सरीनें तें आडवें होतें व लोंब्यांना मोड फुटतात. सोलापुराकडील शेतकरी मात्र त्याच सरीची वाट पाहतो, कारण त्याची रब्बी ज्वारी त्या ओलीवरच वाढावयाची असते. मुंबईंतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख हवामानखात्यानें २०२० सालीं २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. हळव्या भाताच्या शेतकऱ्यास हे नऊ दिवस थोडे नव्हेत.

कोजागिरीस निरभ्र चांदणें इच्छिणाऱ्या श्रोत्यांनीं इतकें ध्यानांत ठेवावें कीं, त्याच आकाशाकडे एक शेतकरी ढग पांगावे म्हणून, तर दुसरा ते यावे म्हणून पाहत असतो.