दिसलं तेवढंच सांगायचं

माइंडफुलनेस म्हटलं की आपल्याकडे इगतपुरीचं ध्यानशिबिर आठवतं. दहा दिवसांचं मौन, पहाटे चारची घंटा, मिटलेले डोळे. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असलेल्यांच्या आमच्या गटात यातलं काहीच नाही. डोळे उघडे, खुर्च्या प्लॅस्टिकच्या आणि सुरुवातीचा व्यायाम चार-पाच मिनिटांचा. मन रिकामं करून बसा म्हटलं तर आमच्यातले बरेच जण उठून जातील. आतल्या रिकामपणाचीच तर तक्रार घेऊन आम्ही आलेलो असतो.

ही पद्धत डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्शा लिनेहान यांनी ती उभी केली. त्यांचं मूळ पुस्तक १९९३ सालचं. त्या स्वतः झेन साधना शिकलेल्या. पण तासन्‌तास ध्यानाला बसणं आपल्या रुग्णांना झेपणारं नाही हे ओळखून त्यांनी ध्यानाचे हाताळता येतील असे तुकडे केले: निरखणं, वर्णन करणं, समरस होणं. सतराव्या वर्षी आपणही मनोरुग्णालयात दाखल होतो, दोन वर्षांहून जास्त काळ, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं ते २०११ मध्ये. आमच्या गटात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

खरी मेहनत वर्णनाची. गट घेणाऱ्या मॅडम फळ्यावर लिहितात, ‘तो मला टाळतोय.’ मग विचारतात, इथे कॅमेरा लावला असता तर त्यात काय आलं असतं?

टाळणं कॅमेऱ्यात येत नाही. अकराला मेसेज गेला, टिका निळ्या झाल्या, दोन वाजेपर्यंत उत्तर नाही, एवढंच येतं.

‘पण टाळतोयच ना तो!’ एक कॉलेजातली मुलगी जवळजवळ ओरडते. (गटातलं बाहेर न्यायचं नाही असा नियम आहे, म्हणून तिची ओळख पटेल असं सगळं गाळलंय.) मॅडम वाद घालत नाहीत. ‘असेलही. मग पुढची ओळ लिही: तो मला टाळतोय, असा विचार माझ्या मनात आला. आणि अंगात काय होतंय?’ छाती आवळलीये. तळवे गार पडलेत. हात सारखा फोनकडे जातोय.

वाचताना हे बाळबोध वाटेल. पण आमच्या भावना चटकन पेटतात, जोरात पेटतात आणि विझायला फार वेळ घेतात. ‘टिका निळ्या झाल्या’ आणि ‘सोडून गेला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच त्या घाईत कळत नाही. चार ओळी लिहिताना मध्ये फट पडते. त्या फटीत पन्नास मेसेज न पाठवण्याची शक्यता असते.

याहून अवघड म्हणजे नावं न ठेवता बघणं. ‘किती ते अतिरेकी वागणं’ हे घरात इतकी वर्षं ऐकलेलं असतं की आता बाहेरून कुणी म्हणायची गरजच उरत नाही.

आणि भावना शिगेला पोचलेली असताना तिला निरखत बसायचं नसतं, हेही इथेच शिकवतात. तेव्हा श्वास रोखून चेहरा गार पाण्यात धरायचा. हृदयाचे ठोके मंदावतात. (हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच.) फोनवरची ध्यानाची ॲप हा भाग सांगत नाहीत. डीबीटीच्या चार भागांत माइंडफुलनेस हा एक. बाकीचे तीन म्हणजे तग धरणं, भावना हाताळणं आणि माणसांशी बोलणं. प्रत्येक नव्या भागाआधी माइंडफुलनेसची उजळणी होते. नवीन आलेले कंटाळतात, ‘हे झालं की मागे!’ म्हणतात. शिवाय रोज डायरी कार्ड भरायचं: दिवसभरात कुठली भावना किती, स्वतःला इजा करण्याची ओढ शून्य ते पाचमध्ये किती, कुठलं कौशल्य वापरलं. थेरपिस्टबरोबरच्या भेटीत आधी कार्ड उघडतं, गप्पा मग. इजेचा आकडा वर असेल तर त्याच्याआधी दुसरा विषय नाही.

त्या मुलीचा मित्र खरंच टाळत होता, हे पुढे कळलं. तिने गटात येऊन ते जरा विजयी स्वरातच सांगितलं आणि मग रडली. मॅडमनी तेही फळ्यावर लिहिलं, कॅमेऱ्यात येईल तेवढंच, आणि विचारलं, ‘आता काय केलंस तर तुझ्या उपयोगाचं ठरेल?’ बराच वेळ गेला. ‘एकदा सरळ विचारते त्याला,’ ती म्हणाली. ‘पण प्रॅक्टिकल झाल्यावर. जर्नल अजून पूर्ण नाहीये माझं.’