अगं, ही वाचलीस का?

चांगली ऐतिहासिक प्रणयकादंबरी कुठे सापडते, हे ग्रंथपालाला विचारू नये आणि समीक्षकाला तर मुळीच विचारू नये. ते शेजारणीला विचारावे. दुपारच्या चहाला ती डोकावते आणि म्हणते, “अगं, ही वाचलीस का?” या चार शब्दांवर जितक्या कादंबऱ्या घरोघर पोचल्या असतील, तितक्या कोणत्याही छापील अभिप्रायाने पोचल्या नसतील. मी कॉलेजात मराठी शिकवते. पण माझ्या कपाटातली निम्मी पुस्तके अभ्यासक्रमातून आलेली नाहीत. ती अशीच कोणाच्या तरी हातून आलेली आहेत.

या वेडाला आपल्याकडे दीडशे वर्षे झाली. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ साली पुस्तकरूपाने निघाली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘उषःकाल’ क्रमशः छापली आणि वाचकांना पुढच्या अंकाची वाट पाहायला लावली. १९६२ साली रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली, १९७२ साली ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ आली, आणि पेशव्यांचे देवघर, माजघर, शय्यागृह मध्यमवर्गाच्या रोजच्या बोलण्यात आले.

या कादंबऱ्यांत प्रेम येते कुठून? गोविंद सखाराम सरदेसाईंच्या देखरेखीखाली पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापले गेले. त्यांत मोहिमा आहेत, देणी आहेत, रुसवेफुगवेही आहेत. पण रात्री दिवा मालवल्यावर नवरा-बायको काय बोलली, हे कोणता कारकून लिहून ठेवणार? कागद जिथे गप्प बसतो तिथे कादंबरीकार बोलू लागतो. बोलू द्यावे त्याला. मात्र तो कुठून बोलू लागला, एवढे वाचकाने ओळखावे.

आता माझ्या भाचीची गोष्ट सांगते. वय वर्षे सतरा. प्रेमकथांची भूक दांडगी, पण सगळी भागते ती इंग्रजीवर. जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेच्या कादंबऱ्या ती मोबाइलवर रात्र रात्र वाचते. त्यांतल्या बहुतेकींचा काळ इंग्लंडातल्या रीजन्सीचा, म्हणजे १८११ ते १८२० चा. लंडनमधली कोणती बग्गी कोणाला शोभते, हे या मुलीला पाठ! मी म्हटले, “अगं, तुझ्या नायिका तिकडे नाचत होत्या ना, त्याच काळात, १७ नोव्हेंबर १८१७ ला, आपल्या शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.” ती चमकली. म्हणाली, “मावशी, मग तू एक दे, मी एक देते.”

सौदा ठरला. तिने मला ‘ॲन इन्फेमस आर्मी’ दिली. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईवरची ही कादंबरी १९३७ साली निघाली. मी जरा नाक मुरडूनच ती हातात घेतली, आणि दोन दिवस स्वयंपाकाचे वेळापत्रक कोलमडले. प्रेमकथा सांगताना बाईंनी लढाईच्या तपशिलात कुठे हात आखडलेला नाही.

मी तिला ‘राऊ’ दिली. मराठी वाचायची सवय मोडलेली. पहिली पन्नास पाने ती अडखळली. ‘मसलत’ म्हणजे काय, ‘खलिता’ म्हणजे काय, दर पानाला प्रश्न. पुढे प्रश्न बंद झाले. शेवटी एकच आला, “मावशी, बाजीराव-मस्तानी सगळे म्हणतात. काशीबाईंचं काय?” बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला गेला, त्याच्यामागे थोड्याच काळात मस्तानी गेली, पाबळला तिची समाधी आहे. त्या दोघांची कथा झाली. मागे राहिलेलीची कोणी करायची? वर्गात मुले असा प्रश्न विचारतील तर माझा पगार वसूल होईल!

मग पाळी आली ‘स्वामी’ची. ती प्रत माझ्या आईची, लग्नाआधीची. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या. कादंबरीचा शेवट ठाऊक असूनही पिढ्यान्‌पिढ्या वाचक तिथे रडत आले आहेत. आईच्या प्रतीत त्या पानांवर डाग आहेत. भाचीने ती पाने आजीपुढे धरली.

“आजी, तू इथे रडलीस? मला तर इतका राग आला! ह्याला प्रेम म्हणायचं?”

मी मनात म्हटले, आता वादाला तोंड फुटणार. बंगालमध्ये सतीबंदीचा कायदा झाला १८२९ साली, म्हणजे त्या दिवसानंतर सत्तावन्न वर्षांनी, वगैरे उत्तर माझ्या ओठांवर होते. पण आई शांतपणे म्हणाली, “मलाही रागच आला होता ग. तुझ्याएवढीच होते मी. आम्हांला राग आला असं म्हणता यायचं नाही. रडलेलं चालायचं.”

वीस वर्षे मी ही कादंबरी शिकवते आहे आणि ती प्रत लहानपणापासून घरात पाहते आहे. हे वाक्य मी प्रथमच ऐकले. आईला ते कोणी विचारलेच नव्हते.

म्हणून नवी कादंबरी निवडताना दोन गोष्टी पाहा. नायिकेला रडण्या-सजण्यापलीकडे काही काम आहे का? आणि पात्रे आपल्या काळातली वाटतात का? अठराव्या शतकातला सरदार सकाळी उठून चहा मागू लागला, की पुस्तक खुशाल मिटावे. ‘नवी’ म्हणजे यंदाचीच हवी असेही नाही. वृंदावनलाल वर्मांची हिंदी ‘मृगनयनी’ १९५० सालची. ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमराची आणि त्याच्या गुजरी राणीची ती कथा सध्या आमच्या घरात अगदी ताजी आहे. तिघींत ओढाओढ चालली आहे.

यंदा फराळाच्या ताटाबरोबर एखादी कादंबरीही शेजारी पाठवा. आणि ज्यांच्याकडे येईल त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की आपल्याकडे ताट रिकामे परत करत नाहीत. पुस्तक परत देताना आपल्याला कुठे रडू आले आणि कुठे राग आला, तेवढे तरी त्याच्याबरोबर सांगावे.